खिडकीतला हात

रेल्वेवाल्यांनो, ज्या फोटोवरून तुम्ही एका ड्रायव्हरला मेन लाइनवरून खाली उतरवलंत, तोच फोटो तुम्ही यंदाच्या कॅलेंडरवर छापलात. लाज कशी वाटली नाही, ते नंतर विचारू. आधी तुमच्या टेबलासमोर जो माणूस उभा आहे, त्याची गोष्ट ऐका.

हा चष्मेवाला. बाजारातल्या छोट्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, हा त्याचा धंदा. सुट्टी मिळाली की मालगाड्यांच्या डिझेल इंजिनांचे फोटो काढायचे, हे त्याचं वेड. लोक वाफेच्या इंजिनांच्या आठवणीने उसासे टाकतात; याला नवीच आवडायची. चौकोनी, धिप्पाड, दोन-दोन जोडलेली. कोळशाचे डबे ओढत ती चढावर आली, की त्यांचा आवाज कानाआधी तळपायांना कळायचा. बायको म्हणायची, एवढा डोळा बारीक करून माझ्याकडे कधी बघितलं नाहीत. पण तिचाही फार विरोध नव्हता, कारण त्या इंजिनांवर बरेचदा तिचाच धाकटा भाऊ असायचा.

आता यातली गोम सांगतो. समोरून येणाऱ्या इंजिनाचा मोठा दिवा कॅमेऱ्याच्या काचेत फुटतो आणि इंजिनाचं तोंड पांढरंफटक दिसतं. म्हणून ओळखीचा फोटोवाला दिसला की ड्रायव्हर क्षणभर दिवा विझवतो. नियमात हे बसत नाही, दिवसाढवळ्याही दिवा पेटलेलाच हवा. पण तेवढा त्यांच्यातला नमस्कार असतो. वळणावरच्या पुलावर दाजी दिसले की मेहुणा दिवा विझवायचा, हॉर्न वाजवायचा आणि खिडकीतून हात बाहेर काढायचा.

एका सकाळी सगळं जुळून आलं. तिरकं ऊन, वळणावर दोन्ही इंजिनं, मागे डब्यांची लांबलचक शेपटी आणि खिडकीत तो हात. चष्मेवाल्याने हौसेने फोटो नेटवर टाकला. लोकांनी डोक्यावर घेतला. फिरत फिरत तो तुमच्यापर्यंत पोचला आणि तुम्हाला त्यात फक्त विझलेला दिवा दिसला.

चौकशीला दोघांनाही बोलावलंत. खरं सांगायचं तर तुमच्या साहेबांनी त्या दिवशी एक वाट काढून दिली होती. चष्मेवाल्याला ते म्हणाले, "दिवा तुम्हीच कॉम्प्युटरवर पुसला असेल. पुसतात ना हल्ली?"

नुसती मान हलवायची होती. मेहुणा टेबलाच्या पायाकडे बघत बसला होता. पण चष्मेवाल्याला ते झोंबलं. उभ्या आयुष्यात त्याने फोटोतली आडवी आलेली तारसुद्धा कधी पुसली नव्हती.

"मी असले उद्योग करत नाही," तो ताठ होऊन म्हणाला. "जे होतं तेच फोटोत आहे."

आपण काय बोलून बसलो, ते त्याला जिना उतरताना कळलं. तोवर साहेबांनी सही केली होती.

मेहुण्याला यार्डात टाकलं. रिकामे डबे या रुळावरून त्या रुळावर ढकलायचे, फाटकाबाहेर जायचं नाही. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो उलट म्हणाला, "या की दाजी फोटो काढायला. माझं इंजिन आता पोझ देऊनच उभं असतं." चष्मेवाला हसला. घरी येऊन त्याने कॅमेरा कपाटात वरच्या फळीवर ठेवला, तो पुन्हा काढला नाही. मेहुण्याचं येणं-जाणंही हळूहळू आटलं. बायकोने भांडण काढलं नाही. एकदाच, कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "खरं बोललात, ठीक आहे. पण ते माझ्या भावाच्या जिवावर बोललात."



आणि परवा चष्मा न्यायला आलेलं एक गिऱ्हाईक तुमचं कॅलेंडर दुकानात भेट देऊन गेलं. चष्मेवाल्याने ते उलगडलं. तेच वळण, तेच ऊन. दिवा तसाच विझलेला. आपलं नाव कुठे आहे का, हे त्याने बघितलंसुद्धा नाही. सवयीने भिंग घेतलं, इंजिनाच्या खिडकीवर धरलं, आणि तो खुर्चीत बसला.

म्हणून आज तो दुकान बंद ठेवून इथे आलाय. साहेब तेच. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर कॅलेंडरही तेच. साहेब गोड बोलले. फोटो निवडण्याचं काम दुसऱ्या खात्याचं, नियमाचं वेगळं, त्याची यात गल्लत नको. नाव छापून हवं असेल तर पुढच्या वर्षी बघू.

चष्मेवाल्याने आपल्याजवळचं कॅलेंडर टेबलावर पसरलं. खिशातून दुकानातलं भिंग काढून इंजिनाच्या खिडकीवर ठेवलं आणि दोन बोटांनी साहेबांकडे सरकवलं.

"बघा, साहेब. इथे माझ्या मेहुण्याचा हात होता."

साहेबांनी भिंगात बघितलं नाही.

"दिवा मी पुसला, असं मला म्हणता आलं नाही, त्याची शिक्षा तो भोगतोय," चष्मेवाला म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तुम्हाला विझलेला दिवा चालला. मग हात का पुसलात?"

भिंग अजून टेबलावर आहे. बघा आणि सांगा.