अप्पांनी ऐकलेल्या आठ ओळी

सकाळी अकरा वाजता "पाच मिनिटांचं काम आहे" असं म्हणून नवऱ्याने टीव्हीचं टेबल भिंतीपासून ओढलं, तेव्हाच बारकीने सगळ्यांना जेवायला वाढून मोकळं व्हायला हवं होतं. आता दीड वाजत आला होता. स्वयंपाक ओट्यावर गार होत होता, बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि समोरचे तीन स्पीकर खणखणीत बोलत असताना सोफ्यामागच्या फळीवरचे दोन तोंडातून ब्र काढायला तयार नव्हते.

बारकी ही काही पोर नव्हे. त्रेचाळीस वर्षांची बाई, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये वीस वर्षं नोकरी केलेली. पण चार भावंडांत धाकटी आणि आवाज बारीक, म्हणून अप्पांनी लहानपणी जे नाव ठेवलं ते चिकटलं ते चिकटलंच. अप्पा म्हणजे तिचे वडील. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेले. त्यांनीच पंधरा वर्षांच्या बारकीला शाळेच्या वृंदगानात शेवटच्या रांगेत उभं केलं होतं आणि साठ पोरांसमोर सांगितलं होतं, "एकटीने गायचा तुझा गळा नाही. घोळक्यात चालून जाईल." बारकीने त्या दिवशी गाणं सोडलं ते थेट चाळिशी उलटल्यावर, नवऱ्याने मागे लागून, एका गायनवृंदात तिचं नाव घातलं तेव्हा पुन्हा धरलं.

आणि त्या वृंदाच्या बाईंनी गेल्या कार्यक्रमात कमाल केली. सगळा वृंद उभा केला रंगमंचावर, आणि एकट्या बारकीला पाठवलं प्रेक्षकांच्या मागे, दाराशी. पुढून चाळीस जणांनी गाण्यात प्रश्न विचारायचा, मागून एकटीने उत्तर द्यायचं. अशा आठ ओळी. लोकांनी माना वळवून वळवून पाहिलं म्हणे. अप्पा गुडघ्याच्या दुखण्यामुळे येऊ शकले नव्हते. सहा महिन्यांपूर्वी कार्यक्रमाची डिस्क निघाली, तशी पहिली प्रत बारकीने त्यांना धाडली. चार दिवसांनी फोन आला. "ऐकली. आठही ओळी ऐकल्या. छान गायलीस."

एवढंच. पण त्रेचाळीस वर्षांत अप्पांनी तिच्या गळ्याला "छान" म्हटल्याची ही पहिली वेळ होती. त्या दिवशी लॅबमध्ये बारकीने दोन माणसांच्या कवळ्यांच्या साच्यांची अदलाबदल केली आणि साहेबांची बोलणी हसत हसत खाल्ली.

गंमत अशी की बारकीने स्वतः त्या ओळी अजून ऐकल्याच नव्हत्या. घरच्या लॅपटॉपवर डिस्क लावली, तर वृंद प्रश्न विचारायचा आणि पुढे नुसती शांतता. बाईंनी खुलासा केला, की डिस्कवर आवाज दोन तऱ्हांनी भरलाय. एक साधा, दोन स्पीकरांचा, तो समोरच्या मायक्रोफोनांवरून. दुसरा पाच स्पीकरांचा, आणि दाराजवळच्या मायक्रोफोनवरचा आवाज फक्त त्यात, मागच्या स्पीकरांमध्ये. मग नवऱ्याने ओळखीच्या माणसाकडून वापरलेला रिसीव्हर, म्हणजे डिस्कचा आवाज स्पीकरांना वाटून देणारा डबा, आणि पाच स्पीकर आणले. अप्पांनी नुकताच नवा प्लेअर घेतला होता, म्हणून जुना लेकीला द्यायला ते आज स्वतः आले होते. प्लेअर टेबलावर ठेवताना म्हणाले, "हाच तो. याच्यावरच ऐकल्या मी तुझ्या ओळी."

त्यांनी जे ऐकलं, ते आपणही ऐकायचं, त्यांच्या शेजारी बसून. बारकीला आज एवढंच हवं होतं. पण घोडं अडलं होतं, आणि ते नेमकं कुठे अडलंय यावरून घरात दोन पक्ष पडले होते.

अडचण अशी होती, की सासरा जावयाला बोल लावू शकत नव्हता आणि जावई सासऱ्याला. त्यामुळे दोघे एकमेकांपासून तीन फुटांवर बसून बारकीशी बोलत होते.

"तुझ्या अप्पांना विचार," नवरा म्हणाला, "प्लेअर बरेच दिवस बंद होता का."

"जावईबापूंना सांग," अप्पा म्हणाले, "प्लेअर परवापर्यंत चालू होता. माझ्याकडे याच्यावर चारी कोपऱ्यांतून आवाज यायचा. रिसीव्हरचा इतिहास काय आहे ते त्यांनी बघावं."

"अप्पा, रिसीव्हर उत्तम आहे," बारकी म्हणाली.

"मी कुठे नाही म्हणतोय? मी आपलं विचारलं."

बारकीने कपाळाला हात लावला. तिने रिसीव्हरचं पुस्तक उघडलं, आणि पाठीमागच्या भोकांचं चित्र पाहून विजेरी घेऊन टेबलामागे शिरली. पाचच मिनिटांत तिला दिसलं, की नवऱ्याने मागच्या दोन स्पीकरांच्या तारा भलत्याच खोबणीत खोचल्या होत्या. ती खोबण दुसऱ्या खोलीत स्पीकर ठेवायचे असतील तर त्यासाठी होती.

"हे स्वयंपाकघरासाठी आहे," ती टेबलामागून म्हणाली.

"असं कसं? तिथे इंग्रजीत 'बी' लिहिलंय. बी म्हणजे बॅक."

अप्पा छताकडे बघत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते बघवत नव्हतं.

तारा बदलल्या. रिसीव्हरमध्ये स्पीकर तपासायची सोय होती. बटण दाबलं की प्रत्येक स्पीकरातून आळीपाळीने 'स्स्स' असा आवाज येतो. तो डावीकडून आला, मधून आला, उजवीकडून आला, आणि मग चक्क सोफ्यामागून आला. नवऱ्याने टाळी वाजवली. बारकीचा जीव भांड्यात पडला. तिने डिस्क लावली, गाणं पुढे पळवलं. वृंदाने प्रश्न विचारला.

मागे शांतता.

"आता तरी पटलं ना?" नवऱ्याला दहा हत्तींचं बळ आलं. "स्पीकर बोलतायत, रिसीव्हर बोलतोय. राहिलं कोण?"

"माझ्या घरी याच प्लेअरने आठ ओळी ऐकवल्या," अप्पा एकेक शब्द सुटा करून म्हणाले. "एक नाही, दोन नाही, आठ. मग इथे येऊन तो एकाएकी बहिरा झाला का?"

सगळी गाडी पुन्हा पुन्हा तिथेच येऊन रुतत होती. प्लेअर निर्दोष, कारण अप्पांनी कानांनी ऐकलंय. रिसीव्हर निर्दोष, कारण 'स्स्स' आलंय. मग बारकीने मधली वायर धरली. लाल-पांढरी टोकं असलेली ती साधी वायर बदलून तिने टीव्हीची चांगली जाड वायर लावली. काही फरक नाही. तिने रिसीव्हरच्या कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं बासरी ऐकवल्यावर एक मुलगी आली आणि तिने सर्व काही बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. ते केलं. मग ती म्हणाली, "मॅडम, रिसीव्हरच्या पट्टीवर काय अक्षरं दिसतायत?"

"दोन पॉइंट शून्य."

"म्हणजे प्लेअर आमच्याकडे दोनच स्पीकरांचा आवाज पाठवतोय. तुम्ही प्लेअरच्या कंपनीशी बोला."

प्लेअरच्या कंपनीतल्या माणसाने तेवढ्याच गोड आवाजात रिसीव्हरच्या कंपनीशी बोलायला सांगितलं. बारकीने फोन सोफ्यावर फेकला. तिला त्या क्षणी प्लेअर, रिसीव्हर, जावई आणि सासरा असे चारही जण एका पोत्यात घालून भंगारवाल्याला द्यावेसे वाटत होते.

"ती मुलगी म्हणते, प्लेअर दोनचाच आवाज पाठवतोय," तिने सांगितलं. "अप्पा, याच्या सेटिंगमध्ये कुणी काही बदललंय का?"

अप्पांना हा प्रश्न लागला. "सहा वर्षांपूर्वी दुकानाचा माणूस येऊन लावून गेला. त्या दिवसापासून मी त्याला कुणाला बोट लावू दिलेलं नाही. स्वतःसुद्धा लावलेलं नाही. ती मुलगी चूक सांगते. मी ऐकलंय म्हटल्यावर ऐकलंय."

"अगं, पण पट्टीवर स्पष्ट..." नवऱ्याने तोंड उघडलं.

"उठा," बारकी म्हणाली. "दोघेही उठा. स्वयंपाकघरात जा, हाताने वाढून घ्या आणि जेवा. मी हाक मारेपर्यंत या खोलीत कुणी यायचं नाही."

तिचा आवाज बारीक असला, तरी लॅबमधली नवी पोरं त्याला टरकून असत. दोघे मुकाट्याने उठले. आत गेल्यावर ताटल्या कुठे असतात यावरून त्यांची कुजबुज सुरू झाली, आणि निदान यावेळी तरी ते एकमेकांशी थेट बोलत होते.

बारकी जमिनीवर मांडी घालून बसली. कवळीचा दात जिथे टोचतो तिथे घासून उपयोग नसतो, आधी कुठे टेकतोय ते बघावं लागतं, हे ती नव्यांना रोज शिकवायची. तिने प्लेअरचा रिमोट घेतला आणि त्याच्या सेटिंगची पानं पहिल्यापासून, एकही न गाळता, वाचत गेली. भाषा. चित्राचा आकार. मुलांसाठी कुलूप. चौथ्या पानावर आवाज. आणि त्या पानावर तळाशी एक ओळ होती: डिस्कवर दोन्ही आवाज असल्यास कोणता वाजवायचा? समोर खूण होती 'नेहमी दोन स्पीकर' या पर्यायावर.

"सापडलं!" ती ओरडणारच होती. अंगठा बटणावर गेला, खूण 'पाच स्पीकर'वर सरकली, रिसीव्हरची पट्टी लुकलुकली आणि तिथे पाच पॉइंट एक आलं. सकाळपासून पहिल्यांदा तिला हसू फुटलं.

आणि ते अर्ध्यावरच राहिलं. सहा वर्षांत कुणी बोट लावलेलं नाही. सहा वर्षं ही खूण इथेच होती. अप्पांकडे चार कोपऱ्यांत चार स्पीकर असतील नाहीतर चाळीस, या मशीनने त्यांना तोच समोरचा, दोनचा आवाज ऐकवला होता. त्यात वृंद प्रश्न विचारतो आणि पुढे नुसती शांतता असते.

आठ ओळी ऐकल्या म्हणे. छान गायलीस म्हणे.

बारकीचे कान तापले. खोटं बोलले याचा राग आला, आणि त्या खोट्यावर आपण सहा महिने उड्या मारत होतो याची लाज त्याहून जास्त वाटली. लॅबमध्ये तिने चौघींना सांगितलं होतं. साहेबांनाही सांगितलं होतं. शिवाय त्या एका खोट्यापायी आज अख्खी दुपार वायरींत लोळण्यात गेली होती, ते वेगळंच.

"अप्पा," तिने हाक मारली. "इकडे या."

अप्पा हात पुसत आले. मागोमाग नवराही आला.

"या मशीनवर माझा आवाज येऊच शकत नव्हता," ती म्हणाली. "सहा वर्षं हे दोनवर अडकवलेलं आहे. तुम्ही काय ऐकलंत?"

अप्पांनी जवळ जाऊन पडद्यावरचं ते पान वाचलं. चष्मा काढला, पुन्हा लावला. नवरा काहीतरी बोलणार, तेवढ्यात बारकीने हात वर करून त्याला थांबवलं.

"चार दिवस लावून बसलो होतो," अप्पा शेवटी म्हणाले. "तू आठ ओळी म्हणालीस, मला एकही सापडेना. कानाशी स्पीकर धरून पाहिला. मग वाटलं, काढून टाकल्या असतील. आवाज कमी पडला असेल पोरीचा, म्हणून गाळल्या, आणि हिला कुणी सांगितलंसुद्धा नाही. तुला मी कसं सांगणार होतो? एकदा सांगून झालंय माझं."

बारकीला रडू आलं आणि रडू आल्याचा आणखी राग आला. "तुम्हाला वाटलं, मला काढून टाकलं."

"वाटलं खरं."

"बसा," ती म्हणाली. "मधे बसा, सोफ्यावर."

अप्पा बसले. तिने गाणं मागे घेतलं आणि बटण दाबलं. समोरून चाळीस गळ्यांनी प्रश्न विचारला. तो संपला, एक क्षण गेला, आणि सोफ्याच्या मागून, फळीवरून, एका बाईने एकटीने उत्तर दिलं. आवाज बारीकच होता. पण हॉलच्या दारापासून रंगमंचापर्यंत तो सरळ चालत गेला, कुठेही न डगमगता. बारकीला स्वतःचाच आवाज ओळखायला दोन ओळी लागल्या. अप्पांनी मान वळवली नाही. डोळे मिटून, ताठ, वर्गात परीक्षा घ्यायला बसावं तसे ते बसून राहिले. आठवी ओळ संपली, तेव्हा नवऱ्यानेसुद्धा श्वास सोडल्याचं ऐकू आलं.

"पुन्हा लाव," अप्पा म्हणाले.

तिने पुन्हा लावलं. या वेळी त्यांची बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती. पाचव्या ओळीवर बोटं थबकली, मग पुढे चालली.

"पाचवीत श्वास लवकर घेतलास," गाणं संपल्यावर ते म्हणाले. "शब्द मधेच तुटला."

"अप्पा, आज तरी राहू द्या हो!" नवरा न राहवून थेट त्यांनाच बोलला. "एवढं छान गायलीय ती!"

"तू गप्प बस," बारकी म्हणाली. पाचवीतला तो श्वास खरा होता. कार्यक्रमाच्या दिवशी दाराशी उभं असताना तिची छाती इतकी धडधडत होती, की तो शब्द हातातून निसटला होता, आणि हे तिने बाईंनाही सांगितलं नव्हतं, कुणालाच नव्हतं. ती सोफ्याजवळ येऊन अप्पांच्या पायाशी बसली. "आणि बाकीच्या सात ओळींत? तिथे काय चुकलं?"

अप्पांनी गुडघ्यावर बोटांनी पुन्हा सात ओळी मोजल्या.

"अजून सापडलं नाही," ते म्हणाले. "परत लाव. शोधतो."