तिसऱ्या वळणाचा दगड

गेनबाआबांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये शुभंकरच्या जीपखाली जुनी वर्तमानपत्रं अंथरायला घेतली, तेव्हा वॉचमन धावत आला आणि भांडणाला तोंड फुटलं.

"ओ बाबा, इथं झोपायचं नाही!"

"झोपतंय कोन? ही जीप झोपनार हाय. मी सकाळी यिऊन बगनार."

"काय बघणार?"

"श्यान," आबा म्हणाले आणि पेपराची घडी नीट सारखी करून पुन्हा जीपखाली वाकले.

मी आबांचा शेजारी. त्यांच्या घराला लागून माझी पिठाची गिरणी आहे. त्या दिवशी उगाच गंमत बघायला म्हणून बरोबर गेलो होतो, आणि वॉचमनला समजवायचं काम माझ्यावर आलं. त्याला काय सांगणार? आमचं गाव महापालिकेत जाऊन दहा वर्षं झाली. त्याआधी पंचक्रोशीत कुणाच्याही दावणीला जो बैल यायचा तो आधी आबांच्या नजरेखालून जायचा. दात बघायचे, खूर बघायचे, मोकळा चालवायचा, मग ओझ्याला जुंपायचा आणि शेवटी एक रात्र बांधून ठेवून सकाळचं शेण बघायचं. पोटात काय बिघाड आहे ते बैलवाला सांगत नाही, शेण सांगतं. आता गावात एकही बैल उरला नाही. शुभंकरची जीप उभी होती, नेमका तिथंच पूर्वी आबांचा गोठा होता.

खालचं सगळं रान इमारतींखाली गेलं होतं. राहिलं होतं ते कात्रजच्या डोंगरावरचं दीड एकराचं वावर. मथुराबाईचा, म्हणजे आबांच्या घरधनिणीचा, त्यात सगळा जीव. घेवडा लावायची, वाटाणा लावायची, मार्केट यार्डात स्वतः पाटी घेऊन जायची. पण तिचे गुडघे गेले. डोक्यावर खत वाहून न्यायला माणूस मिळेना. त्यात पियुष, त्यांचा मुलगा, हिंजवडीला एका कंपनीत संगणकाच्या वायरी जोडायला जातो. त्याने एका रविवारी सरळ सांगितलं, "आई, वर टेम्पो जात नाही, बाइक जात नाही. त्या रामदास एजंटला दसऱ्यापर्यंत उत्तर द्यायचंय. देऊन टाकू वावर."

मथुराबाई तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली.

"डोंगर चढनारी गाडी मिळती का न्हाई?"

"फोर व्हील ड्राइव्हची जीप चढेल. जुनी घ्यावी लागेल."

"मग घे. धा पोती खत एका दमात वर गेलं, तर वावर ऱ्हाईल. न्हाई गेलं, तर मी सोताहून अंगठा देते."

"ठरलं. मी शोधतो गाडी."

"तू न्हाई. ह्या घरात दावणीला जे आलं ते ह्यांच्या नजरंखालनं आलं. गाडी बी तशीच यील."

पियुष हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू! आबांना आयुष्यात सायकलसुद्धा चालवता आली नव्हती.

पियुषच्या मनात शुभंकरची जीप भरली होती. हा शुभंकर सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा, आयटीत मोठ्या पगारावर. त्याच्या जीपचा थाटच वेगळा. कमरेएवढे उंच टायर, टपावर सहा दिवे, आणि काचेच्या बाजूने वर गेलेला एक काळा पाइप. नदीत उतरलं तरी इंजिनाला वरून श्वास घेता यावा म्हणून तो पाइप असतो म्हणे. पण पार्किंगला जागा एकच, बायको शेफालीला स्वतःची कार हवी होती, म्हणून जीप विकायला काढली होती.

सकाळी आबांनी पेपर ओढून काढले. कोरे करकरीत. तेलाचा एक थेंब नाही.

"बघा!" पियुष म्हणाला. "एक थेंब नाही. आणि लुक बघा, आबा."

आबांनी जीपभोवती एक फेरी मारली. टायरांच्या खाचांत बोट घातलं आणि बोट वर धरून बघितलं. बोट स्वच्छ होतं.

"शुभंकरराव, नाक वर काढलंय ते कशापायी?"

"आजोबा, वॉटर क्रॉसिंगसाठी. नदी-ओढ्यातून जाता येतं."

"कुठल्या वढ्यात गेलावता?"

शुभंकर जरा घुटमळला. "अजून तसा योग आला नाही. वीकेंडला लोणावळ्याला जातो आम्ही. हायवेने."

"बादलीच्या पाण्यातनं रोज जाती, त्ये मी बगतो," आबा म्हणाले. "चला, चिखलात घ्या."

"चिखलात? आजच पॉलिश केलंय हो."

"बैल घेताना आमी त्याला गादीवर चालवून बगत न्हाई."

सोसायटीच्या मागे ड्रेनेजच्या पाइपांसाठी रस्ता खणला होता आणि भाद्रपदाच्या पावसाने तिथं गुडघाभर राड झाली होती. शुभंकरने मोठ्या तोऱ्यात चार चाकांचा दांडका मागे ओढला आणि जीप आत घातली. गुरगुरत, चिखल उडवत ती गोल वळली आणि बाहेर आली. पियुषने टाळ्या वाजवल्या. आबा मात्र धोतराचा सोगा वर खोचून त्या राडीत उतरले आणि वाकून चाकांच्या खुणा बघत बसले.

"पियुष, हितं ये. ही भाईरची खून कुठल्या चाकाची?"

"वळताना पुढचं चाक बाहेरून जातं. म्हणजे पुढच्या."

"आन् ही आतली मागच्याची. आता बग. मागच्यानं चिखुल फाडलाय, उकरलाय. पुढच्याची खून कशी? भाकरीवर बोटं उमटावी तशी. पुढचं चाक नुसतं गडगडत आलंय." आबा कंबर धरून उभे राहिले. "चार बैलांचा नांगर म्हनून सांगत्यात, पन पुढची जोडी जुपलेलीच न्हाई. मागली दोनच वढत्यात."

"आजोबा, शक्यच नाही," शुभंकर म्हणाला. "दोन वर्षं मी हा लिव्हर वापरतोय."

कात्रजच्या सुखदेव मिस्त्रीला बोलावलं. तो जीपखाली शिरला, आणि खालूनच त्याचा हसण्याचा आवाज आला.

"साहेब, पुढच्या चाकांना ताकद न्येनारा दांडाच न्हाई की! आदीच्या मालकानं काढून ठिवला असंल, डिझेल वाचवायला. तुमचा लिव्हर नुसता हालतोय."

शुभंकरचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोन वर्षं तो मित्रांना लिव्हर ओढून दाखवत होता. पण माणूस मनाचा मोठा. आमच्याआधी तोच हसायला लागला. "आजोबा, ही मी तुम्हाला देणार नाही," तो म्हणाला. "आधी दांडा बसवतो. दोन वर्षं फसलो, आता एकदा तरी खरी चालवू द्या."

मग सुखदेवच्याच गॅरेजमागे एक जीप बघितली. तिचं रूप काय वर्णावं! रंग मूळचा कोणता ते कुणालाच आठवत नव्हतं. एक दिवा गेलेला, सीटमधून काथ्या बाहेर आलेला. वर्षानुवर्षं तिने सासवडकडून टोमॅटोच्या जाळ्या वाहिल्या होत्या. आबांनी तिच्याखाली पेपर अंथरले आणि सकाळी त्यावर हातभर काळा डाग पडलेला.

"हे बघा, गळतंय!" पियुष ओरडला.

"गळतंय म्हंजी आत हाय," आबा म्हणाले. त्यांनी डागात बोट बुडवलं, चिमटीत चोळलं, वास घेतला. "चुरा न्हाई, जळका वास न्हाई. प्वाट साफ हाय. वायसर तेवढा बदल, सुखदेवा."

चिखलात घातल्यावर तिने चारी पायांनी सारखाच चिखल फाडला. वळताना पुढच्या चाकांनी नांगरटीसारखी रेघ काढली. आबा त्या रेघेकडे असे बघत राहिले की मला त्यांच्या शेवटच्या खोंडाची आठवण झाली. ते म्हणाले, "हीच."

टायर मात्र पार गुळगुळीत झाले होते. शुभंकर म्हणाला, माझे उंच टायर तात्पुरते लावा. सुखदेवने कानाला हात लावला. "चढाला उंच टायर नगं, साहेब. चाक मोठं झालं की वढ कमी होती. शोभा वाढती निस्ती." तेव्हा शुभंकरला आठवलं, त्याच्या जीपचे मूळचे टायर अजून तसेच नवे होते. बाल्कनीत. शेफालीने त्यात माती भरून गोकर्णीचे वेल लावले होते. वेल बादल्यांत गेले, टायर जीपला गेले. शेफाली आठवडाभर आबांशी बोलायची नाही म्हणाली, आणि तिसऱ्या दिवशी मथुराबाईकडून घेवडा घेऊन गेली.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पियुषने रजा काढली. दहा पोती शेणखत जीपमध्ये भरलं. मथुराबाई पहाटेच काठी टेकत वर गेली होती. गाडी कशी चढते ते बघवणार नाही म्हणाली. खाली मी, शुभंकर आणि निम्मं गाव जमलेलं. पियुष चालवायला बसला. तेवढ्यात आबा घरात गेले आणि दाराला लावायचा काळा दगड काखेत मारून आले. मागे दार धाडकन आपटलं.

"आबा, दगड कशाला?"

"बैलगाडी चढाला लागली की गाडीवान खाली उतरतो. वझं कमी होतं. आन् हातात दगड ठिवतो, गाडी मागं आली तर चाकाला लावाया. ह्योच दगड व्हता आपल्या गाडीला."

"ही बैलगाडी नाही!" पियुष कपाळाला हात लावून म्हणाला. "हँडब्रेक आहे हिला. बसा मुकाट्यानं."

"मी चालतच येनार."

लोक खदखदून हसले. कुणीतरी म्हणालं, आबा, वैरणही घ्या बरोबर, वर खाईल. मीच म्हणालो, आता लपवत नाही. जीप निघाली आणि सत्तरीचा तो म्हातारा दगड काखेत धरून तिच्या बाजूने चढू लागला. मी आणि शुभंकर मागून निघालो.

पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. जीप इतकी संथ चढत होती की आबांना धाप लागली नाही. तिसऱ्या वळणावर पावसाने रस्त्याची कड खचली होती. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला करवंदीच्या जाळ्या आणि त्यांच्या खाली थेट सोसायटीचं पत्र्याचं कुंपण. तिथं पियुष बिचकला, गिअर चुकला आणि इंजिन बंद पडलं.

पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवण्याच्या आत झालं. पियुषने इंजिन चालू केलं. पण क्लच, ब्रेक आणि रेस अशा तीन गोष्टींना माणसाला पाय दोनच. म्हणून त्याने हँडब्रेक ओढला आणि ब्रेकवरचा पाय काढला. हँडब्रेकने गाडी धरली नाही. दहा पोत्यांची जीप मागे सरली, एक हात, दोन हात, कडेकडे. "आबा!" म्हणून पियुष ओरडला तो आवाज मला अजून ऐकू येतो.

आबा चाकाच्या मागे नव्हते, बाजूला होते. त्यांनी दगड खाली ठेवला, पायाने मागच्या चाकाखाली सारला आणि मागे सरले. चाक दगडावर चढलं, कचकन वाजलं आणि थांबलं. जीप तशीच उभी राहिली. कडेचा मुरूम मात्र थोडा खाली घसरला आणि पत्र्यावर वाजला.

पियुषने पुन्हा ब्रेक दाबून धरला.

"आता घाई न्हाई," आबा म्हणाले. बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा त्यांनी हात जीपच्या पत्र्यावर ठेवला. "दगडानं धरलंय. दोनी पाय मोकळं हाईत तुझं. हळू रेस दे, हळू सोड."

पियुषने तसंच केलं. चारी चाकांनी मुरूम पकडला आणि जीप दगड सोडून वर निघाली. आबांनी दगड उचलला, झटकला आणि पुन्हा काखेत घेतला.

वर मथुराबाई बांधावर बसली होती. तिने आधी पोती मोजली, मग पोराचा चेहरा बघितला. "काय झालं रं?" तिने विचारलं. पियुषने तिच्यासमोरच मोबाइल काढला आणि रामदासला सांगितलं की वावर द्यायचं नाही, परत फोन करू नका. मग तो आईशेजारी बांधावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. आबा पाठमोरे होऊन पोती उतरवत राहिले.

दसऱ्याला मी गिरणी बंद करून त्यांच्या अंगणात गेलो. जीप धुऊन झेंडूचा हार घालून उभी होती. हँडब्रेक सुखदेवने नवीन बसवला होता. पियुष सुट्टीचे दोन दिवस गॅरेजात होता असं कळलं होतं, तेव्हा मला वाटलं, झालं, आता सहा दिवे येणार, वर काळं नाक येणार. तसलं काहीच नव्हतं. मागच्या चाकाजवळ, चालणाऱ्या माणसाच्या हाताशी येईल अशी, एक लोखंडी चौकट वेल्डिंग करून घेतली होती. दगडाच्या मापाची. दगड त्यात बसवलेला होता.

आबा ती चौकट बोटांनी चाचपत राहिले. मग म्हणाले, "एकाच दगडाची जागा केलीस व्हय? चाकं चार हाईत."

"दुसऱ्या बाजूला पण आहे, आबा," पियुष म्हणाला. "दगड तुम्ही निवडायचा. शुभंकरला पण एक हवाय."

मथुराबाई ताट घेऊन आली आणि जीपच्या नाकाला हळदकुंकू लावायला वाकली.

"आई, थांब," पियुष म्हणाला. त्याने तिचा हात धरून तिला मागच्या चाकाजवळ, दगडापाशी नेलं. "आधी ह्याला."