दोन-दोन वीनर

पॅन्टेलिसमामाच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत सहा पावांची ओळ लागली होती आणि कोपराजवळचा शेवटचा पाव किंचित बाहेर कलला होता. एव्हान्थिया गल्ल्यावरून त्या पावाकडे पाहत होती. तो एकदम पडणार नव्हता. मामाने आत वीनर, म्हणजे तव्यावरचं सॉसेज, ठेवला तेव्हा थोडा झुकला, मोहरीचा चमचा फिरला तेव्हा आणखी थोडा. खिम्याची पळी येण्याआधीच तो जमिनीवर होता.

“बेकरीवाले हल्ली बूड सपाट ठेवत नाहीत,” मामा म्हणाला.

“काल पंख्याचा दोष होता.”

“पंख्याचाही आहेच.”

“पॅन्टेलिस, जमिनीला सगळं घालून दिलंस की नुसती मोहरी?” कोपऱ्यातल्या टेबलावरून कोणीतरी ओरडलं. दुकान हसलं. मामाही हसला. एव्हान्थिया फडकं घेऊन वाकली. सकाळपासूनची ही तिसरी वेळ होती.

सगळं घालून म्हणजे मोहरी, खिमा, कांदा आणि वरून सेलरीचं मीठ. अमेरिकेतल्या या वूनसॉकेट गावात हे कोणी विचारत नाही. कोणी केचप मागितलं, तर हा माणूस कुठल्या गावचा एवढंच विचारतात. आणि वीनर भरायचे ते हातावर. मामाचा बाप असेच भरायचा. मामा तरुणपणी एका दमात दहा भरायचा, आणि ते बघायला लोक खिडकीशी थांबायचे.

मामी वारल्यावर एव्हान्थिया चार महिने मदतीला म्हणून आली होती. त्याला आता दुसरं वर्ष लागलं होतं. प्रॉव्हिडन्सच्या इस्पितळात रक्त तपासण्याची तिची जागा अजून राखून ठेवली होती, आणि तिथली बाई दर महिन्याला फोन करून विचारायची. मामा, आता पुरे, तू बस, एवढंच तिला बोलायचं होतं. ईस्टरपासून ती ते बोलणार होती. पण ते बोलल्यावर पुढचा प्रश्न तिच्याकडेच येणार होता. मामाला मूल नव्हतं, आणि तिच्याशिवाय तव्याशी उभं राहणारं दुसरं कोणी नव्हतं.

आणि त्यात ही रांग. दाराबाहेर गेली होती.

“दोन, सगळं घालून,” रोलाँ म्हणाला. गावातली गिरणी बंद पडण्याआधीपासूनचं गिऱ्हाईक. गुडघा दुखायचा, म्हणून तो गल्ल्याच्या कडेला हात टेकून उभा होता.

“रोलाँ, तू चार खाणार आहेस. हे तुलाही माहीत आहे, मलाही. मग चार सांग ना.”

“आधी दोन.”

“आणि ते खाऊन परत रांगेत येशील.”

“पाय मोकळे होतात.”

“त्या गुडघ्याने?”

“डॉक्टरीणबाई, दोन,” रोलाँ म्हणाला, आणि कॉफी घातलेल्या थंड दुधाचा पेला उचलून टेबलाकडे चालू लागला.

ती डॉक्टर नव्हती. हे तिने त्याला कितीदा तरी सांगितलं होतं.

पुढे बर्नाडेट होती, टपाल कार्यालयातली. ती सगळ्या कार्यालयासाठी न्यायची. पूर्वी आल्या आल्या डझनभर सांगायची आणि दहा मिनिटांत निघायची.

“तीन दे गं. मग बघू.”

एव्हान्थियाने पेन खाली ठेवलं.

“मग काय बघायचंय? तुम्ही सगळ्यांनी काय शपथ घेतली आहे का? एकही जण एकदाच सगळं सांगत नाही. तीच माणसं दोन-दोनदा रांगेत येतात, पाव परत वाफेवर ठेवावे लागतात, बाहेर लोक उन्हात उभे आहेत. माझं डोकं फिरायची वेळ आली आहे, बर्नाडेट.”

बर्नाडेट गल्ल्यावर झुकली. बोलताना तिने तव्याकडे पाहिलं नाही.

“दोन-तीन असले की त्याच्या हातावर राहतात गं.”

एव्हान्थियाने आधी रांगेकडे पाहिलं, मग टेबलांकडे. कोणाच्याही ताटलीत तीनपेक्षा जास्त नव्हते. दार ढकलून आत येणारा गवंडी कधी सहाच्या खाली बोलत नसे. तोही बोटाने दोन दाखवत होता. मघाशी एकदम सहा मागणारी माणसं परगावची असावीत.

मामा रोलाँचे दोन भरत होता. हातावर दोनच पाव. पळी आली, कांदा पडला, मीठ पडलं. काही कललं नाही. ताटली पुढे सरकवून त्याने हात कापडाने पुसला आणि तसाच कापडात धरून ठेवला.

ती तव्याजवळ गेली.

“तुला ठाऊक आहे, लोक दोन-दोन का मागतात?”

“चाळीस वर्षं रोलाँला जेवताना बघतोय. अचानक पक्ष्यासारखं खायला लागला तर मला कळणार नाही?”

“मग बोलला का नाहीस? मी रोज या लोकांवर ओरडते आहे.”

“ओरडणं तुला शोभतं. तुझी आईपण अशीच होती.”

“मामा.”

त्याने तव्यावरचे वीनर एकेक करून उलटले. उलटायची गरज नव्हती.

“मी काम सोडतो म्हटलं असतं, तर तू लगेच इथेच राहते म्हणाली असतीस. लाजेने. लाजेने उभं राहिलेलं माणूस मला या तव्याशी नको. ते कांदा नीट कापत नाही.” त्याने कापड खांद्यावर टाकलं. “म्हणून म्हटलं, तू बोलेपर्यंत चालू दे.”

“पाव जमिनीवर पडू दे, पण बोलायचं नाही.”

“तू तरी कुठे बोललीस?”

मागून रांग पुढे सरकल्याचा आवाज आला. रोलाँ परत आला होता. ओठाच्या कोपऱ्यात मोहरी लागलेली. गल्ल्यावर कोणी नाही हे पाहून तो तसाच थांबला. बर्नाडेट गल्ल्याशी अजून उभीच होती, तिच्या मागे गवंडी. कोणीच आवाज देत नव्हतं, आणि या दुकानात ते कधी घडत नसे.

एव्हान्थियाने बाही कोपराच्या वर गुंडाळली. नळाखाली हात धरला, साबण लावला, पुन्हा धुतला. मामा बघत होता.

“मामा, आता पुरे, तू बस,” ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “परत येत नाही म्हणून इस्पितळात मी आज कळवते. यापुढे तव्याशी मी उभी राहणार. आणि लाजेने नाही. वैतागून.”