जोर 'टें'वर

सायकल दुरुस्तीचं स्वतःचं दुकान असूनही गल्ली त्यांना 'बाईंचे मिस्टर' म्हणायची. त्याचा त्यांना राग नव्हता. बाकी सगळ्याचा यायचा. बाई शाळेत इंग्रजी शिकवायच्या आणि त्यांच्या बोलण्याचं मिस्टरांना भारी कौतुक. पण बाईंना मेंदूचा झटका आला आणि जीभच जड झाली. मराठी हळूहळू मार्गी लागलं, इंग्रजी मात्र सपाट निघायचं, कुठे चढ नाही की उतार नाही. मुख्याध्यापिकांनी निरोप धाडला, एकदा वर्ग घेऊन दाखवा, जमलं तर परत या. नाही जमलं तर शाळा कायमची सुटली, हे सांगायची गरज नव्हती.

मग रोज संध्याकाळी दुकानात सराव. बाई 'ओल्ड-फॅशन्ड'सारख्या जोडविशेषणाचे तुकडे पाडायच्या: ओल्ड, फॅ, शन्ड. साध्या तुकड्याला टेबलावर बोट, जोराच्या तुकड्याला पंजा. विशेषण वाक्याच्या शेवटी आलं की जोर 'फॅ'वर. पुढे नाम आलं की तोच जोर उडी मारून 'ओल्ड'वर. मिस्टर वैतागले, एका जागी बसायला काय होतं त्याला? बाई पोट धरून हसल्या. पंजा मात्र वेळेवर पडेना. शंभरदा चुकल्या, पण एकदाही चिडल्या नाहीत. आपण असतो तर टेबल रस्त्यावर फेकलं असतं, असं मिस्टरांच्या मनात आलं. धन्य ती बाई!

ठरल्या दिवशी मिस्टर वर्गाच्या दाराशी उभे राहिले. मुख्याध्यापिका शेवटच्या बाकावर. बाईंनी नियम नीट सांगितला, तेवढ्यात पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, पुस्तकातलं नको, तुमचं स्वतःचं वाक्य सांगा. सरावात असलं काही नव्हतंच. बाईंनी दाराकडे पाहिलं.

"माय हजबंड इज बॅड-टेंपर्ड," त्या सावकाश म्हणाल्या आणि पंजा बरोब्बर 'टें'वर पडला.

सगळा वर्ग वळून मिस्टरांकडे बघत हसत सुटला. मुख्याध्यापिका हसू दाबत म्हणाल्या, "सोमवारपासून या, बाई."

मिस्टर खिशात रुमाल चाचपत होते. तापट म्हणून आजवर पुष्कळ बदनामी झाली होती, पण इतकी देखणी कुणी केली नव्हती. त्या मुलीने भीतभीत विचारलं, "काका, तुम्हाला राग आला?"

"राग कसला?" ते डोळे पुसत म्हणाले. "त्यांना पुन्हा एकदा म्हणायला सांग."