पोट भरल्याची खूण

बुफेत जेवण्यात खरोखर आनंद असतो का, या प्रश्नाचे शरीरक्रियाशास्त्राकडे अर्धेच उत्तर आहे. एकच पदार्थ खात राहिले तर त्याची गोडी घासागणिक उतरते. शेजारी दुसरा पदार्थ मांडला की भूक नव्याने जागी होते. पोटाचे मत यात कुणी विचारत नाही. बुफेचा सगळा व्यवसाय या एका दुबळेपणावर चालतो. निरोगी माणूस तिथून थोडा पश्चात्ताप घेऊन बाहेर पडतो, आणि तो पश्चात्ताप हेच त्याच्या निरोगीपणाचे लक्षण मानावे लागते. नोकरीभर मी वर्गात हे शिकवत आले.

माझा थोरला भाऊ दिगंबर या दुबळेपणाला अपवाद होता. त्याने उमेदीची सगळी वर्षे एका कारखान्यात सुटे भाग तपासण्यात घालवली, आणि मापाची ती सवय ताटापर्यंत आली. दोन पोळ्या, भाताची एक मूद, मग ताटावर आडवा हात आणि एकदाच उच्चारलेले "पुरे". लग्नाच्या पंगतीत आग्रह करणारे यजमान त्याचा तो हात पाहून जिलबीचे ताट मुकाट्याने पुढच्या पानाकडे नेत.

त्याच दादाने मे महिन्यात, स्वतःच्या मुलाच्या साखरपुड्यात, मुलीकडच्यांसाठी मांडलेल्या तबकातले पेढे एकेक करून संपवले. लोक हसले. "रिटायर झाल्यावर माणूस मोकळा होतो," असे कुणीतरी म्हणाले. मी हसले नाही, पण बोललेही नाही. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. थायरॉइड, रक्तातली साखर, एखादे औषध, नुसता कंटाळा, अशी साधी कारणे आधी संपवावी लागतात. वहिनीकडून मी फोनवर रक्ताचे रिपोर्ट मागवले. ते निर्दोष होते. सप्टेंबरात दादाच्या वाढदिवसाचे आमंत्रण आले, तेव्हा मी विश्रांतवाडीहून निघाले, स्वारगेटच्या चौकातल्या कोंडीत उरलेले आयुष्य कंठले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एका मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर पोचले. जेवायला नव्हे, पाहायला.

"आत्या, शेवटी आलात!" दत्तप्रसादने, म्हणजे माझ्या भाच्याने, खुर्ची ओढून दिली. "बाबांनी सुरुवात केली पण. थांबतच नव्हते."

"वाढदिवस त्यांचा आहे. थांबायचं आपण," अक्षता म्हणाली. डिसेंबरात ही त्याची बायको होणार होती. दोघेही एकाच कंपनीत कामाला होते. तिच्या हातात मोबाइल होता आणि त्याचा कॅमेरा दादाकडे वळलेला होता. "काका, आज रेकॉर्ड तोडायचं हं!"

दादाने मान वर केली नाही.

टेबलाच्या मध्यभागी निखाऱ्यांची शेगडी बसवलेली होती. तिच्यावर सळया आडव्या पडलेल्या: पनीर, मशरूम, मका, मसाला लावलेला अननस. शेजारी बोटभर उंचीचा एक कागदी झेंडा. तो उभा असेपर्यंत वेटर सळया आणत राहतो, आडवा केला की थांबतो. पोट भरल्याची खूण इतक्या स्पष्टपणे बाहेर मांडलेली मी प्रथमच पाहिली.

दादा फक्त अननस खात होता. सळईवरचे तुकडे ओढून काढायचा, चावायचा, गिळायचा आणि दुसऱ्या सळईकडे हात न्यायचा. इतर पदार्थांकडे त्याने पाहिलेही नाही. मला अस्वस्थ केले ते या गोष्टीने. विविधतेला भुलून जास्त खाणारा माणूस मला समजतो. पण विविधतेची गरजच न उरलेला माणूस बुफेत काय करतो आहे? आठव्या सळईला अननसाची गोडी उतरायला हवी होती. त्याच्या हाताचा वेग पहिल्या सळईइतकाच होता.

मी त्याच्या चेहऱ्यावर आनंद शोधला. हवे असणे आणि आवडणे या मेंदूतल्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, आणि सहसा त्या एकमेकींना धरून चालतात. इथे पहिली एकटीच चालू होती.

"दादा, आवडलं का रे?"

त्याने प्रश्न ऐकला. थोडा विचारही केला. "आणतोय तो," तो वेटरकडे बोट दाखवून म्हणाला.

"आत्या, प्लीज, आज लेक्चर नको," दत्ता हसला. "आयुष्यभर दोन पोळ्या खाल्ल्या माणसाने. आता एन्जॉय करू दे ना."

मी झेंडा आडवा केला. प्रयोग म्हणून.

दादाने तो उभा केला. माझ्याकडे न पाहता, रागावल्याचे कोणतेही चिन्ह न दाखवता. मी पुन्हा आडवा केला. या वेळी त्याने तो उभा करून डाव्या मुठीत धरून ठेवला आणि उजव्या हाताने खाणे चालू ठेवले.

"बाबा आज झेंडा खाली येऊ देणार नाहीत!" दत्ताने टाळी वाजवली. अक्षता चित्रण करत होती.

मग शेजारच्या टेबलाकडे निघालेला एक वेटर आमच्याजवळून गेला. दादाचा हात त्याच्या ताटाकडे उठला. पण तो तिथे पोचण्याआधीच भाग्यश्रीवहिनीने आपली स्वतःची बशी त्या हाताखाली सरकवली, आणि दादाने त्यातला अननस उचलला. सगळे इतक्या सहज घडले की मुलांच्या लक्षातही आले नाही. मी वहिनीकडे प्रथमच नीट पाहिले. ती येण्याजाण्याच्या वाटेकडच्या खुर्चीवर बसली होती, दादाला भिंतीकडे ठेवून. तिच्या बशीत फक्त अननस होता आणि तिने त्यातला एकही तुकडा खाल्लेला नव्हता.

इतकी सफाई एका दिवसात येत नाही.

ती हात धुवायला उठली तशी मी तिच्या मागोमाग गेले. "दत्ता, बाबांच्या जवळ बस रे," ती जाता जाता म्हणाली. "लगेच येते."

बेसिनपाशी आम्ही दोघीच होतो.

"वहिनी, दादाला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला हवं."

"हात धुतलेत ना? मग पुसा आधी. साडी भिजतेय."

"मी गंभीरपणे बोलतेय."

"आणि मी विनोद करतेय का, ताई?" तिने नळ बंद केला. "दाखवलंय. फेब्रुवारीतच."

मी पदराचे पाणी पिळू लागले.

"कपाळामागचा भाग आक्रसत चाललाय म्हणाले. फोटो दाखवला. तुमच्या भाषेत त्याला लांबलचक नाव आहे, मी काही पाठ केलं नाही."

नाव मला माहीत होते. स्मृतिभ्रंशाचाच हा एक प्रकार, पण यात सुरुवातीला स्मृती शाबूत असते. जाते ते माणसाला आवरून धरणारे काहीतरी. पेढ्यांच्या वेळी मला जे दिसले असे मी समजत होते, ते या बाईने त्याच्या आधी तीन महिने छायाचित्रात पाहिलेले होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय केलं असतंत? बरं करणारं औषध आहे?"

"नाही."

"झालं तर मग." तिने रुमालाने बोटे एकेक करून पुसली. "स्वयंपाकघराला कुलूप आहे आमच्या. साखर खालच्या राधाबाईंकडे ठेवते, चहाला वाटी घेऊन जाते. त्या मला चेंगट समजतात, समजू देत. परवा भिजवलेली कणीक खाल्ली यांनी, कच्ची. दत्ता हिंजवडीला राहतो, त्याला रविवारचे बाबा दिसतात."

"मग अशा माणसाला तुम्ही इथे आणता? इथे?"

"इथेच आणते. कारण इथे सगळेच असं खातात, ताई. कुणी वळून बघत नाही. लोक कौतुक करतात, वेटर खूश होतात. नेहमीच्या हॉटेलात नेलं तर दुसऱ्याच्या ताटाकडे हात जातो, लग्नाकार्यात नेलं तर शोभा होते. इथे दोन तास मी साध्या माणसाची बायको असते. मजा येते का विचाराल तर मला येते. यांचं मला माहीत नाही."

माझ्यासारख्या बाईने अशा वेळी गप्प बसावे. मी गप्प बसले नाही. "दत्ताला सांगायला हवं."

"लग्न होऊ दे."

"आणि अक्षताला? हे कधी कधी घराण्यात..."

"वाचलंय मी ते." तिचा आवाज खाली आला. "तुमचे वडील, अण्णा, कशाने गेले?"

"अपघातात. पन्नाशीच्या आतच."

"म्हणजे त्यांना हे झालं असतं की नाही, ते कुणालाच ठाऊक नाही. हो ना? मग मी त्या पोरीला काय सांगू? जे ठाऊक नाही ते?"

हा युक्तिवाद वर्गात कुणी केला असता तर मी त्यातली चूक दाखवली असती. पुरावा नसणे म्हणजे धोका नसणे नव्हे. मी तेच बोलायला तोंड उघडले, आणि मी किती वेळ बोलले ते मला सांगता येणार नाही. संभाव्यता, चाचणी, त्या मुलीचा हक्क. सगळे बरोबर होते. वहिनी ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचे लक्ष माझ्या खांद्यावरून पलीकडे गेले. आत भांड्यांचा आवाज सुरू झाला होता.

"वाजले किती?"

"साडेतीन होऊन गेले."

तिचा चेहरा बदलला. "उचलायला लागले. ताई, उचलायच्या आत आम्ही निघतो. दर वेळी."

ती धावली. त्या वयाच्या बाईला मी हॉटेलात धावताना पाहिलेले नाही.

आमच्या टेबलापाशी वेटर हातमोजे घालून शेगडी वर उचलत होता. दादा उभा होता. "सर, टाइम ओव्हर," वेटर हसून म्हणाला. वेटर वळला, तेव्हा दादाने हात पुढे करून शेगडीवरची सळई निखाऱ्यावरच्या टोकाला धरली.

पहिल्यांदा कुणालाच कळले नाही. मग दत्ता ओरडला, "बाबा, सोडा! गरम आहे ते!"

दादाने सोडली नाही. त्याचा हात कोपरापासून थरथरत होता, डोळ्यांतून पाणी येत होते. म्हणजे वेदना पोचत होती. थांबण्याची आज्ञा पोचत नव्हती. त्याने सळई तोंडाशी नेली आणि अननस दातांनी ओढून काढला. आता सगळ्या टेबलांवरचे लोक वळून बघत होते. एका आईने आपल्या मुलीचे तोंड स्वतःकडे वळवून घेतले. अक्षताने मोबाइल खाली केला.

वहिनी मुलाला बाजूला सारून पुढे झाली. तिने दादाला हात लावला नाही. पर्समधून पत्र्याची एक डबी काढली आणि त्याच्या कानाशी वाजवली. साखरफुटाणे. एकदा, दोनदा. दादाची मूठ उघडली, सळई टेबलावर पडली आणि तिला चिकटून त्याच्या तळव्याची कातडी आली. वहिनी डबी वाजवत लिफ्टकडे चालू लागली. दादा तिच्या मागून गेला.

"आई, हे काय आहे?" दत्ता तिथेच उभा होता. "आई!"

"गाडी काढ," ती मागे न वळता म्हणाली. "दवाखान्यात जायचंय."

खाली पार्किंगमध्ये दत्ता गाडी आणायला गेला. दादा पायरीवर बसला होता. एका हाताला वहिनीचा ओला रुमाल गुंडाळलेला, दुसरा हात पसरलेला. त्या तळहातावर ती एकेक फुटाणा ठेवत होती. तो तोंडात गेला की हात परत पुढे येई.

अक्षता माझ्याजवळ आली. तिचा आवाज अगदी शांत होता.

"आत्या, हे काय आहे ते तुम्हाला माहितीये. वर तुमचा चेहरा बघितला मी. तुम्ही दचकला नाहीत."

"मेंदूचा आजार आहे."

"हेरिडिटरी असतो?"

वहिनीचा हात डबीवर थांबला. तिने माझ्याकडे पाहिले. विनवणी नव्हती त्यात. मी काय करणार हे ती मला ओळखत असल्यामुळे जाणत होती, आणि तरीही पाहत होती.

मला तीन-चार खरी वाक्ये सुचली, ज्यांच्याआड लपता आले असते. ठाऊक नाही. पुरावा नाही. डॉक्टरांना विचार.

"कधी कधी असतो," मी म्हणाले.

"दत्ताची टेस्ट करता येईल?"

"आधी दादाची. त्याच्यात दोष सापडला तर दत्ताची करता येईल." अर्धे उत्तर हे उत्तर नसते, म्हणून मी पुढे म्हणाले, "माझीही."

"आणि नाही केली तर?"

"तर वाट बघायची."

तिने मान हलवली, एखादी माहिती नोंदवून घ्यावी तशी. उतारावरून गाडी वर आली. दत्ताने आतून हात लांबवून पुढचे दार उघडले, तिच्यासाठी. त्याचे डोळे लाल होते.

"आत्या, तुम्ही पुढे बसा," अक्षता म्हणाली. "मी रिक्षा करते."

"अगं, चल ना. अक्षता?"

"तुम्ही व्हा पुढे. काकांना उशीर होईल."

ती रस्त्याच्या दिशेने चालत गेली. वहिनीने डबीचे झाकण लावले, दादाला मागच्या सीटवर बसवले आणि स्वतः शेजारी बसली. मी पुढे बसून दार ओढून घेतले. गाडी निघाली तरी दत्ता आरशात तिच्याकडेच बघत होता, आणि मागे दादा पसरलेला हात तसाच धरून होता.