दोन लाल बाटल्या

मी एक जुनी, फणसाच्या लाकडाची पेटी आहे, आणि मित्रांनो, गेल्या श्रावणात घेतलेला धसका अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

सावंतवाडीच्या परशुराम सुताराने मला घडवलं ते मालवणच्या गुरुदासांसाठी. त्यांची गणपतीची शाळा होती, म्हणजे मूर्ती करायची जागा. श्रावणात आमच्याकडची हवा इतकी ओली की रंग वाळता वाळत नाही. मग मूर्तींचे सुटे हात, कान आणि रंगाच्या बाटल्या माझ्या पोटात ठेवून आतला बल्ब लावायचा. मूर्ती न्यायला लोक आले की गुरुदास माझ्या पाठीवर थाप मारून सांगत, "हिच्या जिवार शाळा चलता." मला मूठभर मांस चढायचं. पेटीला मांस कुठलं म्हणा, पण चढायचं.

पुढे गुरुदास थकले, शाळा बंद पडली आणि मी गेले मांगरात, घराबाहेरच्या अडगळीच्या खोपीत. तिथे उंदरांनी माझ्यात संसार थाटला. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मला बाहेर काढलं ते त्यांच्या सुनेने, दिव्याने. ती घरी चॉकलेटं करते. वर रंगीत मासे आणि शिंपले, आत कोकम. ही नक्षी रंगीत कोको बटरची. कोको बटर म्हणजे आपल्या भिरंडेलाचं, कोकमाच्या बियांच्या तेलाचं, भावंड समजा. गार झालं की दगड, फार तापलं की चकाकी गेलीच. ते सारखं कोमट हवं. गरम पाण्यात बाटली ठेवली तर एखादा थेंब आत जातो आणि सगळा रंग वाया.

"माझी पेटी घे गो," गुरुदास म्हणाले. दिव्याने मला घासूनपुसून लहान बल्ब लावला. सकाळी बाटली हलवली तर रंग आत मधासारखा फिरत होता. ती बघतच राहिली. मीही खूश होते.

पण मला पुन्हा पेटलेली बघून गुरुदासांचे हात शिवशिवले. यंदा घरचा गणपती आपणच करायचा, असं त्यांनी ठरवलं. मूर्तीच्या शेल्यासाठी त्यांनी डिंकाच्या पाण्यात लाल रंग कालवला, दिव्याच्या धुतलेल्या रिकाम्या बाटलीत भरला आणि जुन्या सवयीने माझ्यात ठेवला. नेमका तिच्या लाल बाटलीशेजारी! कोणाला सांगितलंही नाही.

मी हादरले. पण पेटी ओरडणार कशी?

दुसऱ्या दिवशी नातीचा, गौरजाचा, वाढदिवस होता. दिव्याने घाईत हात घातला आणि गणपतीचा रंग उचलला. साच्याला तो लावून वर चॉकलेट ओतलं. मासे निघाले ते निस्तेज. "दमट हवेन चकाकी गेली," ती पुटपुटली. इकडे उरलेल्या बाटलीतून गुरुदासांनी शेला रंगवला.

संध्याकाळी ओसरीवर मुलं जमली. औक्षण झालं, चॉकलेटांचं ताट आलं. आत गुरुदास शेला वाळला का म्हणून बोट लावून बघत होते. रंग तुपासारखा बोटाला आला. त्यांनी बोट नाकाशी नेलं, चॉकलेटचा वास आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाटल्यांची अदलाबदल त्यांच्या ध्यानात आली.

ते धावले. गौरजाने मासा ओठांशी नेला होता. नातीला कधी चढ्या आवाजात न बोललेल्या आजोबांनी तिच्या हातावर फाडकन फटका मारला. मासा उडून भिंतीवर आपटला. पोर रडायचंही विसरली.

"बाबानू, ह्या काय केलात?" दिव्या ताडकन उठली.

"कोण खाव नको. लाल रंग माझो आसा, गणपतीचो."

दिव्या एकेका मुलाचं तोंड उघडून बघत सुटली. कोणीच खाल्लं नव्हतं.

मुलं गेल्यावर गुरुदास म्हणाले, "माका डोळ्यांनी बरा दिसना नाय गो. सांगूक लाज वाटली."

"मियाय बाटलेर नाव घालूक नाय," दिव्या म्हणाली.

म्हणून हात जोडून सांगते, मित्रांनो. खायचा रंग आणि रंगवायचा रंग एका जागी ठेवू नका, बाटलीवर नाव घाला. आणि घरातल्या थकलेल्या माणसांना नीट दिसतं का, ते जवळ बसून विचारा. मला तोंड नाही, तुम्हाला आहे.

आता माझ्यात फक्त दिव्याचे रंग असतात. चॉकलेटं उत्तम चकाकतात. पण गौरजा एखादं हातात घेते तेव्हा आधी आजोबांच्या हातांकडे बघते, आणि ते बिचारे हात पाठीमागे लपवतात.