पूजेतली कुलपं

गिरणाऱ्याच्या खंडेरावांचा देवावर विश्वास होता, पण भरवसा कुलपावर. नव्याण्णव साली दारात काळी मोटारसायकल आली आणि घरात जणू दुसरी लेक झाली. लाड मात्र सगळे त्या दुसरीचेच. हँडलला वेगळं कुलूप, पुढच्या चाकाला साखळी, मागच्या चाकाला विहिरीवरच्या खोलीचं कुलूप. नाशकात झेंडू विकायला बसले तरी त्यांचं तोंड गिऱ्हाइकाकडे आणि डोळे गाडीकडे. शेजारच्या शेखरची गाडी बाजारातून चोरीला गेली, तेव्हा त्याचं सांत्वन करायचं सोडून हे म्हणाले, "चोराला कशाला शिव्या देतो? तू उघडी ठेवली, त्यानं नेली." शेखर त्यानंतर महिनाभर बोलला नाही.

खरी लेक, प्रतिभा, त्या वर्षी नाशकात नर्सिंगला लागली. सकाळची पहिली एसटी तिचा वर्ग भरल्यानंतर पोचायची. मामाकडं घोटीला प्रतिभा मोटारसायकल चालवायला शिकलेली होती. एक तर गाडी द्या, नाहीतर होस्टेलवर राहते, असं तिनं सरळ सांगितलं. पोरगी सासरी जाईल तेव्हा जाईल, त्याआधी तिनं घर सोडायचं हे खंडेरावांना सोसणारं नव्हतं. आणि गाडी परक्या आवारात दिवसभर उभी राहायची, हेही नाही.

"आवं, आजपासूनच द्या की," ठमाबाई नवऱ्याला म्हणाली. "पोरीचे तास बुडत्यात."

"दसरा होऊ दे. साडेतीन मुहूर्तातला मुहूर्त हाय. पूजा करून रीतसर देतो."

दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. देवापुढं विळे, खुरपी, फवारणीचा पंप मांडला. खंडेरावांनी कुलपं, साखळी आणि किल्ल्याही आणून ओळीनं ठेवल्या.

"ही कशाला?" ठमाबाईनं विचारलं.

"इतके दिवस राखण कोणी केली? हीच माझी शस्त्रं. पूजा नको?"

शस्त्रांवर हळदकुंकू पडलं. पूजेत मांडलेली वस्तू दुसऱ्या दिवशीच्या उत्तरपूजेपर्यंत हलवायची नाही, ही रीत त्यांच्या बापानं पाळली, आज्यानं पाळली. दुपारी गाव सोनं लुटायला शिवेवरच्या मारुतीकडं निघालं, तेव्हा ठमाबाईचा पाय दारात अडला.

"गाडीला तेवढं कुलूप लावा ना. देव काय रागवायचा नाय."

"पूजा मोडू? अन् सणासुदीचं चोरी करायला कोणाचं मन व्हईल?"

चोराचं झालं. आपट्याची पानं घेऊन मंडळी परतली, तर ओट्यापुढं चिरडलेलं लिंबू तेवढं होतं. शकुनाचा पहिला फेरा चोरानंच मारला होता. खंडेराव आत धावले. साखळी, कुलपं, किल्ल्या जागच्या जागी, झेंडूच्या पाकळ्यांखाली अगदी सुरक्षित.

दुसऱ्या दिवशी चौकीत हवालदारानं विचारलं, "लॉक होतं?"

"होतं."

"मग तोडलं?"

"नाय साहेब. ते देवापुढं होतं."

हवालदारानं लिहिणं थांबवलं, मिशीतल्या मिशीत हसला आणि म्हणाला, "दादा, दसऱ्याला गाव शिवेवर जातं, हे चोरालाबी ठावं असतं." सोबत आलेला शेखर भिंतीकडं तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

खंडेराव घरी येऊन ओट्यावर बसले. प्रतिभानं पूजा उचलली, किल्ल्यांवरचं कुंकू ओढणीनं पुसलं आणि त्या बापाच्या हातात ठेवल्या. रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"आण्णा, मी सोमवारपासून होस्टेलवर जाते."

"दुसरी गाडी बघू ना, पोरी. थोडी कळ काढ."

"तोवर वर्ष जाईल." ती ट्रंकेत कपडे भरू लागली. मग मान वर न करता म्हणाली, "काळजी नका करू. तिथं संध्याकाळी सातलाच बाहेरून कुलूप लावत्यात."